मनगटापुरतं टेनिस

डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याचं जाहीर केलं. दोऱ्या साध्याच, मनगटात अडकवायच्या. जेमतेम महिन्याभरापूर्वी, १९ नोव्हेंबरला, कंपनीचं ‘वी’ हे नवं व्हिडिओगेमचं यंत्र अमेरिकेत विक्रीला आलं होतं. त्याचा रिमोट पांढरा, लांबट, मुठीत मावणारा. तो रॅकेट धरल्यागत फिरवला की पडद्यावरचा बाहुला टेनिसचा फटका मारायचा. लोकांनी तो अशा काही आवेशाने फिरवला, की हातातून निसटलेले रिमोट दोरी तोडून टीव्हीच्या पडद्यावर, दिव्यांवर आणि शेजारी बसलेल्यांच्या अंगावर आदळू लागले. मग ०.६ मिलिमीटर जाडीची दोरी १ मिलिमीटरची झाली. तेवढ्यानेही भागेना, म्हणून पुढच्या वर्षी ऑक्टोबरात रिमोटला घालायची सिलिकॉनची जाड अंगरखी फुकट वाटण्यात आली.

यातली गंमत अशी, की एवढा जोर लावायची गरजच नव्हती. सोफ्यावर रेलून मनगट जरासं झटकलं, तरी बाहुल्याचा फटका तितकाच सणसणीत बसत होता. चेंडूमागे धावायचं कामही बाहुला आपलं आपण करत होता. खेळणाऱ्याच्या वाट्याला उरलं होतं ते फक्त वेळ साधणं: फटका लवकर मारला तर चेंडू एका अंगाला जायचा, उशिरा मारला तर दुसऱ्या. यंत्राला हवं होतं ते एवढंच. मागे नेलेला हात, वाकवलेले गुडघे, सर्व्हिस करताना उचललेल्या टाचा, फटक्यानंतर खांद्यावरून पार पाठीमागे गेलेलं कोपर, हे सगळं माणसं पदरचं घालत होती. ते कुणी मागितलं नव्हतं आणि कुणी मोजतही नव्हतं.

आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, माणसं खूश होती. ‘वी’ सोबत अमेरिकेत फुकट मिळालेल्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ होते. त्याच्या आठ कोटींहून जास्त प्रती घरोघरी गेल्या. यंत्रं खपली दहा कोटींच्या वर. हातवारे करून खेळण्याच्या या प्रकाराबद्दल तेव्हा जे लिहिलं गेलं, त्यात भर असायचा तो यंत्राला माणसाची हालचाल ‘कळते’ यावर. प्रत्यक्षात त्याला किती थोडं कळत होतं, हे पाहिलं की या खेळाची खरी चव लागते.

रिमोटच्या पोटात नखाहून लहान चिप होती. अशा चिपेत सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तरंगता ठेवलेला असतो. रिमोट हलला की तो तुकडा किंचित मागे रेंगाळतो आणि त्या रेंगाळण्यावरून वेग किती झपाट्याने बदलला ते कळतं. अशा चिपेला ॲक्सिलरोमीटर म्हणतात. नव्वदच्या दशकात अशा चिपा मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या त्या मोटारींसाठी. गाडी कशावर आदळली, तर ते क्षणार्धात ओळखून एअरबॅग फुगवायची, हे त्यांचं काम. अपघात ओळखायला घडलेल्या या चिपेची पुढची पिढी बैठकीच्या खोलीत टेनिसचा फटका ओळखू लागली. तिची समजही त्याच जातीची: धक्का बसला एवढं तिला कळतं. हात कुठे आहे, कोपर किती वाकलंय, रॅकेट डोक्याच्या वर गेली की कमरेपाशीच राहिली, हे तिच्या गावीही नसतं. वेगातल्या बदलावरून गणिताने जागा काढता येते खरी, पण बारीकसारीक चुका साठत जातात आणि उत्तर काही क्षणांतच भरकटतं.

टीव्हीवर ठेवायची एक काळी पट्टीही यंत्रासोबत यायची. ‘सेन्सर बार’ म्हणत तिला. घरातल्या लोकांची ठाम समजूत, की ही पट्टी आपल्याकडे बघते; म्हणून तिच्यासमोर नीट उभं राहायचं, मध्ये कुणी यायचं नाही. खरं तर तिच्या दोन टोकांना फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे होते. बघणारा कॅमेरा होता तो रिमोटच्या टोकाला, आणि तो त्या दिव्यांवरून आपण पडद्यावर कुठे रोखलेलो आहोत एवढंच ठरवायचा. पट्टी बिघडली तर टीव्हीवर दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी काम भागत असे. बऱ्याच जणांनी ते करूनही पाहिलं.

माणसाचं अंग मात्र यंत्राने बघायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीपासून हलत होतं. महाराष्ट्रातल्या ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या स्वस्त नकला तेव्हा घराघरांत आल्या होत्या. एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा, चालू झाली नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, आणि दुपारभर मारिओ. मारिओला खड्डा ओलांडायचा असला की मुलं बटण दाबता दाबता कंट्रोलर झटक्यात वर उचलत. काही तर जागच्या जागी उडी मारत. गाडीच्या शर्यतीत वळण आलं की मांडी घालून बसलेली अख्खी रांग एका बाजूला कलत असे. कंट्रोलरमध्ये तेव्हा हालचाल ओळखणारं काहीही नव्हतं. हे मुलांना ठाऊक होतं, आणि तरी हात उचलायचे राहत नव्हते. कॅरमची राणी भोकाच्या काठावर येऊन रेंगाळली, की खेळणारा आणि बघणारे सगळेच तिला खांद्याने ढकलतात, तसंच हे.

यंत्राने न मागितलेली ही हालचाल एक दिवस उपयोगात येऊ शकेल, असं काही जणांना आधीही वाटून गेलं होतं. १९८९ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने निन्टेन्डोच्या यंत्रासाठी ‘पॉवर ग्लव्ह’ काढला. करड्या रंगाचा, मनगटावर बटणांची पाटी असलेला हातमोजा. हाताची जागा तो ध्वनिलहरींवरून ओळखायचा. जाहिरातीत तो रुबाबदार दिसे. हातात घातल्यावर नुसता दमवत असे. खास त्याच्यासाठी म्हणून दोनच खेळ निघाले. चार वर्षांनी सेगा कंपनीने जमिनीवर ठेवायचं एक अष्टकोनी कडं आणलं. त्याच्या मधोमध उभं राहून हातपाय झाडायचे. तेही चाललं नाही. २००३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ साठी ‘आयटॉय’ नावाचा छोटा कॅमेरा काढला, आणि तो मात्र खपला. त्यातला लोकांना आवडलेला एक खेळ म्हणजे पडद्यावरच्या काचा हाताने पुसून काढणं. घरातल्या खिडकीची काच पुसायला ज्यांना हजार वेळा सांगावं लागे, ती मुलं इथे घाम निथळेपर्यंत काचा पुसत.

निन्टेन्डोचं गणित त्या वेळी वेगळ्याच कारणाने अडलं होतं. यंत्रांची शर्यत लागली होती ती चित्र अधिकाधिक खरं दिसावं याची. सोनीचं प्लेस्टेशन ३ आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० दोन्ही त्याच वाटेने धावत होती. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना दुसरी काळजी होती: खेळणाऱ्यांची संख्या वाढत नाहीये, आणि ज्यांनी कधी खेळलं नाही ते बटणांनी गच्च भरलेला कंट्रोलर पाहूनच मागे सरतात. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांचं लक्ष घरातल्या आईकडे होतं. तिला यंत्र डोळ्यांसमोर नकोसं वाटता कामा नये. म्हणून यंत्राचा आकार डीव्हीडीच्या दोन-तीन डब्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढाच हवा, असा हट्ट धरला गेला. चित्राच्या बाबतीत ‘वी’ मागच्या पिढीतलं राहिलं. किंमत मात्र २५० डॉलर, तर प्लेस्टेशन ३ ची सुरुवातच ५०० डॉलरला. सप्टेंबर २००५ मध्ये टोकियोच्या गेम शोमध्ये इवाता यांनी पहिल्यांदा रिमोट दाखवला. टीव्हीचा रिमोट घरातल्या कुणालाही हातात घ्यायची भीती वाटत नाही, हे त्यांनी ओळखलेलं होतं.

भारतात ‘वी’ दिसलं ते बहुतेकदा आडवळणाने. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून, किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. अमेरिकेतून आणलेलं असलं तर आधी विजेचा प्रश्न. त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, इथे भिंतीत २३०. उत्साहाने थेट लावला तर तिथेच धूर. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर शोधायचा. मग टीपॉय भिंतीला, खुर्च्या आतल्या खोलीत, शोकेसमधली काचेची बदकं उचलून कपाटावर. हात वर करून सर्व्हिस करायची तर छताच्या पंख्याचा विचार करावा लागे, आणि तो बंद केला की पाच मिनिटांत सगळे घामाघूम.

मग खेळ सुरू होतो आणि घरातली माणसं दोन गटांत विभागली जातात. एका गटात आजोबा, आत्या, शेजारचे काका. ते बोलिंगला उभे राहतात तर चार पावलं मागे जाऊन, नीट रोखून, एक पाय पुढे टाकत गुडघ्यात वाकतात. बोलिंगच्या खेळात हात पुढे आणताना बटण सोडलं की चेंडू सुटतो. ही मंडळी बटणाऐवजी रिमोटच सोडून देतात. दुसऱ्या गटात दहा-बारा वर्षांचं एखादं कार्टं. त्याला पहिल्याच संध्याकाळी गुपित उमगलेलं असतं: उभं राहायची गरज नाही, हात फिरवायची तर अजिबातच नाही. ते दिवाणावर लोळत, एका हाताने चिवडा खात, मनगटाच्या झटक्यांनी सगळ्यांना हरवतं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी त्याची तऱ्हा.

जिंकतं ते कार्टं. पण खोलीत हशा पिकतो तो आजोबांच्या डावाला. पंधरवड्यानंतर कंटाळतंही पहिलं कार्टंच. यंत्र नेमकं काय मोजतं हे एकदा कळलं की तेवढंच द्यावंसं वाटतं. आणि तेवढंच दिलं की हातात उरतो तो एका बटणाचा खेळ, फक्त बटणाच्या जागी मनगट. आजोबांना हे कळलेलं नसतं, किंवा कळूनही त्यांना त्याच्याशी कर्तव्य नसतं. त्यांच्या दृष्टीने टेनिस म्हणजे टेनिससारखं उभं राहणं. लहान मुलं दोन उशांचं घर करतात आणि आत जाताना न चुकता नसलेलं दार उघडतात. आजोबांचा बॅकहँड त्याच कुळातला. खोटंखोटं खेळताना माणूस खऱ्याहून जास्त काटेकोर होतो.

या उधळपट्टीचं बिल काही वेळा शरीराच्या नावावर फाटलं. जून २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकातल्या मातब्बर नियतकालिकात बार्सिलोनाहून एक छोटं पत्र छापून आलं. एका २९ वर्षांच्या धडधाकट निवासी डॉक्टरला रविवारी सकाळी जाग आली ती उजव्या खांद्यातल्या तीव्र कळेने. पडणं नाही, मार नाही, आदल्या दिवशी कसलाही व्यायाम नाही. चौकशीअंती निघालं, की नवीन ‘वी’ घेतलं होतं आणि कित्येक तास टेनिस झालं होतं. उपचार: आठवडाभर आयबुप्रोफेन आणि खेळ पूर्ण बंद. पत्रात एक मार्मिक निरीक्षण होतं. खऱ्या टेनिसमध्ये दम आणि ताकद संपली की माणूस आपोआप थांबतो. इथे त्या दोन्हींचा लगाम नाही, म्हणून तो खांदा दुखेपर्यंत खेळत राहतो. याच नियतकालिकात १९९० मध्ये बटणं दाबून दाबून अंगठा धरलेल्या एका बाईची हकीकत आली होती. सतरा वर्षांत व्हिडिओगेमचं दुखणं अंगठ्यावरून खांद्यापर्यंत चढलं.

डॉक्टरांच्या मागोमाग संशोधक आले. टीव्हीसमोर बसून मुलं जाड होतात, ही पालकांची जुनी तक्रार. आता टीव्हीच त्यांना नाचवणार असेल तर आनंदच होता. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींना ‘वी स्पोर्ट्स’ खेळायला लावून त्यांची ऊर्जा मोजली. डिसेंबर २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापून आले. बसून खेळण्याच्या मानाने खर्च निदान निम्म्याने वाढला होता, पण खरा खेळ खेळण्याच्या तो जवळपासही नव्हता, आणि मुलांना रोज हवा असलेला व्यायाम म्हणून तो धरता येत नव्हता. पाच वर्षांनी ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या अभ्यासात आणखी पुढची गोष्ट दिसली. काही मुलांना ‘वी’ आणि हातपाय हलवायचे खेळ दिले, काहींना ‘वी’ आणि बसून खेळायचे. तेरा आठवड्यांच्या काळात अधूनमधून त्यांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक पडला नाही. कमरेच्या त्या यंत्रातही ॲक्सिलरोमीटरच होता. घरात जो टेनिस खेळवत होता, त्याच्याच जातभाईने दिवसाअखेर हिशेब मांडून दाखवला, की बेरीज आहे तिथेच आहे.

मियामोतो यांना मात्र मोजण्यातच खेळ दिसला. ते रोज स्वतःचं वजन करून त्याचा आलेख काढत आणि घरच्यांशी त्यावर गप्पा मारत. त्यातून ‘वी फिट’ निघाला. २००७ च्या डिसेंबरात तो जपानमध्ये आला. त्यासोबत एक पांढरा पाट होता, चार कोपऱ्यांत वजनाची जाणीव ठेवणारा. त्यावर उभं राहून तोल सांभाळायचा, योगासनं करायची, स्की करत उतरायचं. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये हा पाट प्रयोगशाळेतल्या त्याच कामाच्या महागड्या उपकरणाशी ताडून पाहिला. उभ्या माणसाचा तोल मोजण्यात तो जवळपास तितकाच भरवशाचा निघाला, आणि जगभरच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत तो पोहोचला. घरात मात्र या पाटाची गत व्यायामाच्या इतर साधनांसारखीच झाली. तो खोटं बोलत नव्हता. पायाचा तळवा डावीकडे झुकला की पडद्यावर लगेच दिसायचं. टेनिसच्या फटक्यात माणूस पदरचं घालून मोठा होई. पाटावर तो जेवढ्यास तेवढा राही.

पुढची सगळी वाटचाल नेमकेपणाच्या दिशेने झाली. २००९ मध्ये रिमोटला जोडायचा एक तुकडा आला. त्यात जायरोस्कोप होता. आता मनगटाचा पीळही कळू लागला. २०१० च्या सप्टेंबरात सोनीचं ‘प्लेस्टेशन मूव्ह’ आलं, टोकाला रंगीत पेटता गोळा असलेली कांडी. कॅमेरा त्या गोळ्याच्या आकारावरून ती किती लांब आहे हे ताडायचा. मुंबईच्या ट्राइन गेम्स या कंपनीने तिच्यासाठी ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ काढला, म्हणजे गल्लीतलं क्रिकेट बैठकीच्या खोलीत. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणून हातातली कांडीही काढून घेतली.

किनेक्टची करामत खरोखरच थोर होती. प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीच्या तंत्राने ते खोलीभर अवरक्त ठिपक्यांची जाळी टाकायचं आणि ठिपके किती सरकले यावरून कोणती वस्तू किती अंतरावर आहे ते काढायचं. केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संगणकावर तयार केलेल्या लाखो कृत्रिम आकृत्या दाखवून त्याला मानवी शरीराचे भाग ओळखायला शिकवलं होतं. त्यामुळे समोर उभ्या माणसाचे वीस सांधे त्याला सेकंदाला तीस वेळा दिसत. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले, आणि गिनेसच्या पुस्तकात तशी नोंद झाली.

त्याला जागा मात्र लागायची. एकट्याने खेळायचं तर यंत्रापासून सहा फूट मागे, दोघांनी खेळायचं तर आठ फूट, तेही मध्ये काही न ठेवता. मुंबईत वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे आठ फूट मोकळे करायचे म्हणजे निम्मं घर बाहेर काढायचं. फ्लॅटमध्येही सोफा मागे सरकवून भिंतीला टेकला की दोघा खेळाडूंचे दंड एकमेकांना लागत. बाल्कनीचं दार उघडून अर्धं अंग बाहेर ठेवून खेळणं काही शहाण्यासुरत्या माणसाला शोभत नाही. शिवाय यंत्राला शरीर कळायला किंचित वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात क्रिकेटचा चेंडू यष्टीरक्षकाकडे गेलेला असे.

जागा काय, वेळ काय, यावर उपाय निघाले असते. मूळ अडचण अशी होती, की आता सगळंच मोजलं जात होतं. गुडघा पुरेसा वाकला नाही, हात पूर्ण वर गेला नाही, नाचाचं पाऊल अर्ध्या ठोक्याने चुकलं, हे पडद्यावर आकड्यांत येई. आजोबांच्या टाचा उचलण्यालाही आता गुण होते, आणि ते कमी पडत होते. रिकाम्या हाताने बॅट फिरवताना मुठीला काहीतरी लागतं, हेही लोकांना तेव्हाच उमगलं. ‘वी’चा रिमोट रॅकेट नव्हता, पण तो मुठीत होता, फटका बसला की थरथरायचा आणि त्याच्याच छोट्या स्पीकरमधून टक् असा आवाज यायचा. त्या एका आवाजावर बाकीचं टेनिस माणूस स्वतः उभं करत असे. २०१३ मध्ये नव्या एक्सबॉक्ससोबत किनेक्ट सक्तीने दिलं गेलं, पुढच्याच वर्षी सक्ती उठली आणि २०१७ मध्ये उत्पादनच थांबलं. तोवर प्राइमसेन्स ॲपलने विकत घेतली होती. चेहरा पाहून उघडणारा आयफोन त्याच २०१७ मध्ये आला. नाच शिकवणारी जाळी आता कुलपाच्या कामाला लागली आहे.

‘वी’वर सर्वात गंभीर प्रयोग झाला तो रुग्णालयांत. पक्षाघाताने हात अधू झालेल्यांना त्याने फायदा होईल, अशी बरीच आशा होती. टोरांटोतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांत १४१ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अर्ध्या रुग्णांनी ‘वी’ खेळायचं. उरलेल्यांनी पत्ते, डॉमिनो, चेंडू असे साधे खेळ. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त निकाल आला. दोन्ही गट सुधारले, आणि ‘वी’वाले काही जास्त सुधारले नाहीत. यंत्राच्या दृष्टीने हा पराभव. पण निन्टेन्डोची सुरुवातच १८८९ मध्ये क्योतोमध्ये हानाफुदा हे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यापासून झाली होती, आणि ते पत्ते कंपनी अजूनही बनवते. त्या चाचणीत कंपनीचाच जुना धंदा तिच्या नव्या धंद्याला बरोबरीत सोडवून गेला.

आज ‘वी’ दुकानात मिळत नाही. त्याच्यानंतर आलेलं निन्टेन्डोचं स्विच हे यंत्र बहुतेक जण हातात धरून, बटणं दाबूनच खेळतात. हालचालीचे खेळ कोपऱ्यात का होईना, टिकून आहेत. २०१९ मधला ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ पुढच्या वर्षी टाळेबंदीत मिळेनासा झाला होता. डोळ्यांवर यंत्र चढवून दोन कांड्यांनी ठोकळे तोडायचा ‘बीट सेबर’ लोक दमेपर्यंत खेळतात. पण बैठकीच्या खोलीतला तो जुना टेनिस-बोलिंगचा प्रकार मालकापेक्षा पाहुण्यावर जगतो. यंत्र ज्याचं आहे त्याला मनगटाचं गुपित ठाऊक असतं, पाहुण्याला नसतं.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत असा पाहुणा सहा महिन्यांसाठी येतो. मुलाकडे आलेले आईबाबा. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, दुपारी घर रिकामं. संध्याकाळी नातवंडं तळघरात घेऊन जातात आणि रिमोट हातात देतात. बोलिंगची गल्ली आयुष्यात न पाहिलेली आजी पदर खोचते, मोजे काढते, पाय रोवते. २०२२ मध्ये आलेल्या ‘निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स’ने तर तिची आणखी सोय केली. त्यात बॅडमिंटन आहे, आणि ते तिने सोसायटीच्या आवारात बरंच खेळलेलं असतं. नातू सोफ्यावर पाय पसरून मनगटाच्या झटक्याने शटल परत धाडतो. ती मात्र प्रत्येक फटक्याला दोन पावलं पुढे जाते, चुकली की ‘अरेरे’ म्हणते, आणि ‘आउट होतं ते’ म्हणून यंत्राशी भांडते. दोन-तीन डाव असे झाले की घरातलं कुणीतरी नातवाला उठवतं. उभं राहूनच खेळायचं, पूर्ण हात फिरवायचा, नाहीतर गुण धरायचा नाही. हा नियम निन्टेन्डोच्या माहितीपुस्तकात कुठेही छापलेला नाही, आणि यंत्राला तो राबवताही येत नाही. तो राबवायचं काम कोचावर बसून शेंगा सोलणाऱ्या आजोबांकडे असतं, आणि ते फार कडक पंच असतात.